शून्य नंबरची फ्रेम

१

मंचरला एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट, दहाव्याला हार घालायचा मोठा फोटो, सगळं करतो. माझं नाव नवनाथ. आपण कशाला भीत नाही, असं मी २०१० सालच्या मे महिन्यापर्यंत चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे. आता तसला विषय निघाला की मी चहा सांगायला उठतो.

बायको वृषाली आळ्याची, बीसीएस झालेली. ती येईपर्यंत माझ्या दुकानातला कॉम्प्युटर म्हणजे नवरा-नवरीच्या मागं बर्फाचा डोंगर चिकटवायचं यंत्र होतं. तिनं पहिल्या महिन्यात तो उघडून आतली धूळ काढली आणि दुसऱ्या महिन्यात त्याच्यावर प्रोग्राम लिहायला बसली.

अंधारात बॅटरीनं फोटो रंगवायचा नाद मला जुना. कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा, शटर उघडं ठेवायचं आणि बॅटरीचा झोत ब्रशासारखा फिरवायचा. झोत पडेल तेवढंच उमटतं. बॅटरीवाला काळ्या कपड्यात असेल तर तो स्वतः कुठंच दिसत नाही. पण पाच मिनिटं झोत फिरवून शेवटी हात चुकला की सगळी मेहनत वाया जायची. वृषाली म्हणाली, एकच मोठा फोटो कशाला, अठ्ठेचाळीस लहान काढू. प्रत्येकात थोडाच भाग उजळायचा. मग तिचा प्रोग्राम अठ्ठेचाळीस फोटो एकमेकांवर ठेवून एकेक ठिपका तपासायचा आणि ज्या फोटोत तो सगळ्यात उजळ असेल तिथून तो उचलायचा. शेवटी एकच चित्र तयार.

सोबत एक नकाशाही निघायचा. कुठला ठिपका कुठल्या फ्रेममधून आला, ते त्यात रंगानं कळायचं. एक नंबरच्या फ्रेमला लाल, दोनला केशरी, असं पुढं. सगळ्यात आधी आम्ही एक फ्रेम बॅटरी बंद ठेवून काढायचो, बाहेरचा उजेड कुठून झिरपतोय का ते बघायला. तिचा नंबर शून्य आणि रंग पांढरा. नकाशात पांढरं कुठंच असायला नको, कारण मिट्ट अंधारातला ठिपका उजेडातल्या ठिपक्यापेक्षा उजळ असेलच कसा?

सासऱ्यांच्या गोठ्यापुढच्या बैलगाडीचा असा एक फोटो आम्ही लोडशेडिंगच्या वेळी काढला आणि दुकानाच्या काचेत लावला. लोक थांबून बघायचे. भगवंतरावही थांबले, आणि तिथूनच हे लागलं मागं.

२

भगवंतरावांचं लोणीच्या रस्त्याला बटाट्याचं कोल्ड स्टोरेज आहे. अक्षय्य तृतीयेला नव्या ऑफिसची पूजा होती आणि त्यांना तिथल्या भिंतीवर आतल्या चेंबरचा आठ फुटी फोटो हवा होता. साध्या फ्लॅशमध्ये पुढच्या चार गोण्या दिसायच्या आणि मागं काळोख. म्हणून आम्ही.

बाहेर मे महिन्याचा रखरखाट, आत तीन डिग्री. गावच्या देवळाचा मंडप तीनदा बसेल एवढं ते चेंबर. मधून एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना लाकडी माळे, प्रत्येक माळ्यावर छतापर्यंत गोण्या. मातीचा आणि ओल्या तागाचा वास. खिडकी एकही नाही. दार हातभर जाडीचं, आपल्याच वजनानं मिटणारं, आतून दांडी ढकलली की उघडणारं. दिव्याचं बटण मात्र बाहेर. दिवे घालवले की आत दिवसाही मिट्ट अंधार, त्यामुळं आमचं सगळं काम भर दुपारी चालायचं.

तिथला मुकादम हौशीराम. साठीचा, कानाला मफलर, बोलणं मोजकं. त्याची एक शिस्त होती. दार लावण्याआधी तो उंबऱ्यात उभा राहून तीन वेळा हाक मारायचा, "कोन हाय आत?" आत असेल त्यानं स्वतःचं नाव सांगायचं, तीनही वेळा. पहिल्याच दिवशी मी आतून "मी आहे, मी" म्हणालो, तर तो दार सोडून आत आला.

"मी न्हाई म्हनायचं, भाऊ. मी म्हननारं कुनीबी असतंय. नाव सांगा."

मी हसलो, वृषालीही हसली. मग त्याच्या लक्षात आलं की काम चालू असताना आमची अंधारातली हाकाहाक वेगळीच चालते. वृषाली आतल्या टोकाकडून "अहो?" म्हणायची आणि मी कॅमेऱ्यापासून "हं" म्हणायचो. हौशीराम म्हणाला, ताई, नाव घेऊन हाक मारत जा. वृषाली म्हणाली, नाव फक्त उखाण्यात घेते मी, मामा. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, बीसीएस झालेल्यासुद्धा. हौशीरामला ते आवडलं नव्हतं.

३

वाटणी ठरलेली होती. कॅमेऱ्याशी मी, बॅटरी घेऊन आत वृषाली. माझ्या पोटाला काळा कपडा पुरत नाही, असं तिचं म्हणणं. ती माझं काळं जर्किन आणि कानटोपी घालून गोण्यांच्या मधून सरकायची.

गार हवेचे पंखे तासभर बंद करून घेतले होते. ते थांबल्यावर कळलं की ती जागा किती आवाज करते. लाकूड कुरकुरायचं. छतावरून पाणी एका गोणीवर टप् पडायचं, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरीकडं टप्. शून्य नंबरची फ्रेम दहा सेकंदांची होती. ते दहा सेकंद मी डोळे मिटून उभा राहिलो. डोळे उघडे ठेवून काहीच दिसत नसलं की माणूस उगीच काहीबाही बघतो.

घरी आल्यावर प्रोग्राम चालू करून वृषाली स्वयंपाकाला लागली. चाळीस मिनिटं लागायची. जेवता जेवता चित्र आलं, आणि झकास आलं. गोण्यांचा ताग न् ताग दिसत होता. फक्त बोळाचं आतलं टोक काळं राहिलं होतं.

मग तिनं नकाशा उघडला. लाल, केशरी, हिरवा, जांभळा, गोधडीसारखा. आणि त्या काळ्या टोकाशी, अगदी खाली, ज्वारीच्या दाण्याएवढं पांढरं.

मी म्हणालो, भिंतीला फट असेल, ऊन आत येत असेल. वृषालीलाही पटलं. दुसऱ्या दिवशी हौशीरामला विचारलं तर तो म्हणाला की फट असती तर तिथं पाणी सुटलं असतं, आणि त्या भिंतीमागं ऊन नाहीच, दुसरं चेंबर आहे. हे सांगताना तो दाराकडं बघत होता. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला कॅमेऱ्यातलं काय कळतंय?

४

टोक काळं राहिलं म्हणून परत जावंच लागलं. या वेळी दाराच्या चारही कडांना घोंगड्या लावल्या. फ्रेमा वाढवून साठ केल्या, म्हणजे आतलं टोक नीट उजळेल. सगळं सुरळीत झालं. मधे दोनदा वृषालीनं "अहो?" विचारलं, मी दोनदा "हं" म्हणालो. निघताना हौशीरामनं हाक मारली, आम्ही नावं सांगितली, बाहेर आलो.

नकाशात पांढरं परत होतं. आता ते टोकाशी नव्हतं. तीन माळे अलीकडं, बोळाच्या मधोमध, आणि माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. आकार लिंबाएवढा.

वृषालीनं शून्य नंबरची फ्रेम वेगळी काढली आणि तो तुकडा मोठा करत गेली. ठिपके चौकोनी व्हायला लागले. लालसर उजेड होता, त्यात चार काळपट उभ्या रेघा. तिनं स्वतःचा पंजा पडद्यापुढं धरून बघितला. मग म्हणाली की संध्याकाळी तुळशीपाशी दिवा नेताना वारा लागू नये म्हणून आपण त्याच्याआड हात धरतो, तेव्हा बोटांतून असाच उजेड दिसतो.

मी घाबरलो. हे मी तेव्हा कबूल केलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण भ्यायलेला पुरुष आधी बायकोची चूक काढतो. मी म्हणालो की हा गोणीचा ताग आहे, आणि तुझ्या प्रोग्राममध्येच कुठंतरी घोळ आहे. वर हेही म्हणालो की कॉलेजात शिकलेलं सगळंच खरं नसतं.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे सगळा प्रोग्राम ओळीनं वाचून काढला, दोन दिवस. मग म्हणाली, "चूक नाही. उद्या परत जाऊ. शून्य नंबरची फ्रेम तीस सेकंदांची घेऊ, मी टोकाशी उभी राहून बघते तिथं काय आहे ते."

फोटो तर झाला होता. भगवंतरावांना तो पसंतही होता. जायचं काही एक कारण नव्हतं, माझ्या बोलण्याशिवाय.

५

हौशीराम त्या दिवशी बटणापाशी बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, काम झालंय ना, मग कशाला? मी म्हटलं, दहा मिनिटं. त्यानं दिवे घालवले, पंखे बंद केले, दार मिटलं.

वृषाली बॅटरी लावून बोळातून आत गेली. झोत लहान होत गेला. टोकाशी पोचल्यावर तिनं तो माझ्याकडं दोनदा हलवला आणि बंद केला. मी केबलचं बटण दाबलं. शटर उघडलं.

मी सेकंद मोजत होतो. पाणी टप् पडलं. नऊ, दहा. लाकूड कुरकुरलं. चौदा. माझा श्वास मलाच मोठा वाटत होता. मी स्वतःला सांगत होतो की ही बटाट्याची वखार आहे, बाहेर ट्रक उभे आहेत, दुपारचे अडीच वाजलेत.

"अहो?" वृषाली म्हणाली.

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी उत्तर गेलं.

"हं."

ते तिच्या बाजूनं आलं, आतल्या टोकाकडून. नाकातून निघालेलं, जरा कंटाळलेलं, जसं मी म्हणतो तसंच. माझं तोंड उघडं होतं आणि माझ्या घशातून काही निघालेलं नव्हतं, याची मी खात्री करून घेतली. एवढा वेळ माझ्याकडं होता.

"इकडं कशाला आलात?" ती हसून म्हणाली. "बॅटरी लागेना हो. हात द्या बरं."

मला ओरडायचं होतं. वृषाली, मी इथं आहे. एवढंच, चार शब्द. ते माझ्याच्यानं झालं नाही. ओरडलो तर ते माझ्याकडं वळेल, असं माझ्या मनात आलं. हे मी आज लिहितोय, पण तेव्हापासून रोज आठवतोय.

शटर मिटलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या लहान पडद्यावर फोटो उमटला.

बॅटरी बंद होती. पडदा काळाच असायला हवा होता. पण बोळाच्या टोकाशी वृषाली दिसत होती, हनुवटीपासून गालापर्यंत लालसर उजेडात. मान जरा वर करून ती शेजारी कुणाकडं तरी बघत होती, माझ्याकडं बघते तशी. तिच्या हातावर एक हात होता. त्या हातामागं काय होतं ते मी बघितलं नाही.

मी वळलो, दांडी ढकलली आणि बाहेर पळालो.

६

उन्हानं डोळे बंद झाले. मागं दार आपल्या वजनानं मिटलं.

हौशीराम बटणापाशी होता. "ताई कुठंय?" त्यानं विचारलं. मी दाराकडं हात केला. त्यानं माझ्याकडं एकदाच बघितलं, खाडकन सगळे दिवे लावले, दार हातभर उघडून धरलं आणि आत हाक मारली.

"कोन हाय आत?"

"वृषाली," लांबून आवाज आला. स्वच्छ, न घाबरलेला.

"कोन हाय आत?"

"वृषाली."

तिसऱ्यांदा त्यानं हाक मारलीच नाही. उघडलेलं तोंड मिटलं आणि मफलर कानावर घट्ट ओढला. त्याला काय ऐकू आलं ते मी विचारलं नाही.

ती दारात आली. चालत आली, पळत नाही. डावा हात पुढं, उजवा मागं राहिलेला. उंबऱ्यावर तिनं मला बघितलं, बाहेर, उन्हात, हौशीरामच्या आड उभा असलेला. तिची नजर माझ्यावरून तिच्या उजव्या हाताकडं गेली आणि परत माझ्यावर आली. मागं वळून तिनं बघितलं नाही. हौशीरामला म्हणाली, "मामा, पाणी द्या थोडं."

आम्ही गाडीवर बसून घरी आलो. एरवी ती माझ्या खांद्याला उजव्या हातानं धरते. त्या दिवशी डाव्यानं धरलं होतं.

७

कॅमेरा हौशीरामनं दुसऱ्या दिवशी आणून दिला. कार्ड मी न बघता काढलं आणि आळ्याला जाताना कळंबच्या पुलावरून घोडनदीत टाकलं. वृषालीनं विचारलंही नाही, काय टाकलं म्हणून.

माहेरी तिनं सगळ्यांना सांगितलं की आत बॅटरी बंद पडली, पण हे होते म्हणून निभावलं, हात धरून बाहेर आणलं. माझ्या सासूबाईंनी, द्रौपदाबाईंनी, मला आग्रह करकरून तिसरी पुरणपोळी वाढली. म्हणाल्या, "लई जीव लावता तुमी पोरीला." मी ती खाल्ली.

अक्षय्य तृतीयेला भगवंतरावांच्या ऑफिसात फोटो लागला. लोकांनी वाखाणला. मी दारातूनच नमस्कार करून परत आलो. आठ फुटी फोटोत तो बोळ माझ्याकडंच येत होता, आणि मला तिथं उभं राहवेना.

पंधरा दिवस मी तसेच काढले. दिवा चालू ठेवून झोपायचो. वृषाली पोळ्या लाटायची बंद झाली होती. हात मुरगळलाय म्हणाली, म्हणून दोन्ही वेळा भात. भांडी एका हातानं घासायची. कॉम्प्युटरवर बसली की डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायची. मी डॉक्टरकडं चल म्हणालो, तर बरं होईल म्हणाली.

एका सकाळी मला राहवलं नाही. ती गॅसपाशी उभी होती, दूध तापत होतं, खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं. मी दारात उभा राहून म्हणालो, "वृषाली, त्या दिवशी आत मी नव्हतो. मी पळालो होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"मग आळ्यात सगळ्यांना तसं..."

"काय सांगायचं होतं? नवरा टाकून पळाला म्हणून?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मला रडू आलं. मी तसाच उभा राहिलो. मग जे विचारायला मी पंधरा दिवस भीत होतो ते विचारलं. तो हात सुटला कधी? दारात? उन्हात आल्यावर?

तिचा उजवा हात ओट्याच्या कडेशी खाली सोडलेला होता, जरा मागं. बोटं अर्धवट मिटलेली होती, आणि दोन बोटांच्या मधे एकेक बोट मावेल एवढी जागा. त्या जागा रिकाम्या होत्या. दिवसाच्या उजेडात तरी रिकाम्याच दिसत होत्या.

"हळू बोला," ती म्हणाली.

मला पळावंसं वाटलं, खोटं सांगत नाही. पाय दाराकडं वळलेही होते. पण मी पुढं गेलो आणि तिचा डावा हात धरला. तो थंडगार होता. इतके दिवस ती भीत होती, माझ्यापेक्षा जास्त भीत होती, हे मला तेव्हा कळलं. तिनं माझी बोटं गच्च आवळली.

दूध वर आलं, उतू गेलं, गॅसवर चरचरलं. गॅस बंद करायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.